पाणी घालूनही झाडं वाळायलीत? आधी पाणी जातंय कुठं ते बघा

पाडवा झाला की आमच्या गल्लीत दरवर्षी तोच प्रश्न सुरू होतो. "ताई, रोज दोन बादल्या घालायलेय तरी लिंबोणी वाळायलीय, काय करू सांगा ना." मी लातूरला राहते, घरामागं दीडेक गुंठ्याची परसबाग आहे, लिंबोणी, केसर आंब्याचं एक झाड, दोन पेरू, सीताफळ, शेवगा, पपई आणि मधल्या वाफ्यांत हंगामाची भाजी. घरचा बोअर एप्रिलपर्यंत साथ देतो, मग गुचक्या मारायला लागतो आणि मग टँकर. वीस उन्हाळे झाले असतील, स्वतःच्या बागेत आणि शेजारपाजारी हाच एक बिघाड मी इतक्यांदा काढलाय की आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक सांगते. उन्हाळ्यात झाड वाळलं की आपण पाणी वाढवतो, कारण दुसरं काही सुचतच नाही. पण मी बघितलेल्या बहुतेक घरांत पाणी कमी नव्हतं, पाणी मुळापर्यंत पोचत नव्हतं, नाहीतर मुळं आधीच कुजली होती, नाहीतर त्या पाण्यातच क्षार इतका होता की झाडाला ते पिता येईना. या तिन्हीत पाणी वाढवलं की विकतचं पाणीही जातं आणि झाडही जातं. म्हणून बादली उचलायच्या आधी खालचं बघा, आणि याच क्रमानं बघा, फुकटातलं आधी आणि खर्चाचं शेवटी.

लक्षणं काय दिसतात

दुपारी पानं माना टाकतात पण संध्याकाळी परत ताठ होतात, हे एक. सकाळी उजाडतानाही पानं लोंबलेलीच, हे वेगळं. पानाच्या कडा करपून तपकिरी आणि मधलं पान हिरवं, हे तिसरं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार, हे लिंबोणीला आणि पेरूला हमखास. खालची जुनी पानं पिवळी पडून गळायलीत आणि माती मात्र ओली. टोमॅटो, मिरचीची फुलं गळायलीत, एकही फळ धरत नाही. टोमॅटोचं बूड काळं पडतं, लिंबू आणि डाळिंब झाडावरच तडकतात, काकडी कडू निघते. पानावर सुईनं टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके आणि मागं धूळ चिकटलेलं जाळं. आणि शेवटचं, सगळी पानं गळून झाड नुसतं खराटा झालेलं.

ही सगळी लक्षणं एकाच कारणाची नाहीत, म्हणून एकच उपाय सगळ्यांना लावू नका.

पहिलं: सकाळी सहाला जाऊन बघा

एक रुपया लागत नाही. दुपारी दोनला बेचाळीस अंशात भोपळ्याचं नाहीतर वांग्याचं पान लोंबणारच, पानातून जितकं पाणी उडतंय तितकं मुळं ओढून देऊ शकत नाहीत, मातीत पाणी असलं तरी. झाड तेवढ्यापुरती मान टाकतं, संध्याकाळी सावरतं. हे बघून भर दुपारी पाणी घालणारी माणसं मी दरवर्षी बघते, आणि तिथूनच बहुतेक वाटोळं सुरू होतं. सकाळी सहाला पान ताठ असेल तर त्या दिवशी पाण्याची गरज नाही, सोडून द्या. सकाळीही लोंबलेलं असेल तर पुढचं बघा.

सीताफळ असेल तर हे आत्ताच वाचा. सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळतंच, ते त्याचं झोपायचे दिवस असतात. बालाघाटाच्या डोंगरात, धारूर-अंबाजोगाईकडं माळरानावर एवढी सीताफळं आहेत, त्यांना मार्च-एप्रिलात कोण पाणी घालतं? बोरीचंही तसंच. फांदीची साल नखानं जराशी खरवडा, आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे, त्याला त्याच्या हालावर राहू द्या. आतून तपकिरी आणि कोरडी खडखडीत असेल तर तेवढी फांदी गेलेली, आणखी खाली खरवडून बघा.

दुसरं: खुरपं घ्या आणि वीतभर खाली जा

सगळ्या पोस्टमधलं एकच काही करायचं असेल तर हे करा.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच लिंबोणीचं झालं. रोज संध्याकाळी एक बादली पाणी, माती वरून काळीभोर ओली दिसायची, आणि झाड मात्र दिवसेंदिवस पानं वळवून घ्यायलेलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या म्हणाल्या, "वरवरचं काय बघायलीस, आत हात घालून बघ की." खुरपं घातलं. वरची दोन बोटं माती चिखलासारखी, त्याच्या खाली खुरपं टणकन वाजलं. ढेकूळ उपटून हातात घेतलं तर विटेसारखं कोरडं, दाबलं तर फुटेना, नख लावलं तर पांढरी रेघ उठली. आणि ढेकळाच्या शेजारी बोट जाईल एवढी भेग सरळ खाली गेलेली. मी तांब्याभर पाणी त्या भेगेत ओतलं, ते घटघट करून गेलं, एक थेंब बाजूला झिरपला नाही. रोजची बादली तिकडंच चालली होती, मुळाच्या कडेनं खाली पाताळात.

आपली काळी माती अशीच आहे. भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. एकदा भेगा पडल्या की पाणी ढेकळात शिरत नाही, भेगेतून निसटतं. आणि भेगेतून हवा आत जाऊन खालचीही ओल वाळवते, भेगेत अडकलेली बारीक मुळं तटातट तुटतात ते वेगळंच.

तर खुरप्यानं किंवा लांब स्क्रूड्रायव्हरनं बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर खाली जा. तिथली माती मुठीत दाबा. गोळा होतो, हाताला गार लागतो पण पाणी सुटत नाही, तर ओल बरोबर आहे. गोळा होतच नाही, भुगा होतो नाहीतर दगडासारखी आहे, तर पाणी पोचत नाही. दाबल्यावर बोटांतून पाणी येतं आणि आंबूस वास आहे, तर पाणी जास्त झालंय. तिसरं निघालं तर चार दिवस पाणी बंद, पूर्ण बंद, झाड कितीही केविलवाणं दिसलं तरी. मागच्या गल्लीतल्या एका काकांची वांगी अशीच गेली होती, सकाळ-संध्याकाळ पाणी, झाड उपटलं तर मुळं तपकिरी, हातात धरली की साल निसटून यायची. मुळं गुदमरली की पाणी ओढत नाहीत, मग झाड पाण्यात उभं राहून तहानेनं वाळतं. वरून दिसायला पाणी कमी पडणं आणि पाणी जास्त होणं यात काही फरक कळत नाही, म्हणूनच खुरपं लागतं.

नव्या प्लॉटवरच्या घरांसाठी अजून एक. खुरप्याला खाली विटांचे तुकडे, वाळू, सिमेंटचे गठ्ठे लागले तर बांधकामाचा राडारोडा तसाच पुरून वर चार बोटं माती पसरलेली आहे. तिथं कितीही पाणी घाला, राहणार नाही. भाजीसाठी त्यापेक्षा वर विटा लावून वाफा उंच करा आणि चांगली माती, शेणखत भरा.

तिसरं: भेगा बुजवा, मग पाणी

आपल्याकडं म्हणतात ना, एक कोळपणी अर्धं पाणी देते. ते अगदी खरं आहे, परसबागेतही खरं आहे. खुरप्यानं वरची दोन-तीन बोटं माती भुसभुशीत करायची, भेगा त्या भुग्यानं बुजवायच्या, पायानं हलकं दाबायचं. मग पाणी द्यायचं, पण एकदम बादली ओतायची नाही. पहिल्यांदा तांब्या-तांब्यानं शिंपडून वरचं ओलं करायचं, अर्धा तास थांबायचं, मग उरलेलं हळूहळू. कोरडी ठक्क माती पहिलं पाणी घेतच नाही, ओली झालेली घेते. हे अर्धा तास थांबणं लोकांना जमत नाही पण फरक त्यातच आहे.

कुंड्यांचं याहून जास्त, आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणाऱ्यांनी तर नक्कीच करा. पूर्ण वाळलेलं कोकोपीट पाणी झिडकारतं, पाणी कुंडीच्या कडेनं उतरून खालच्या भोकातून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं कुंडी भिजली. कुंडी उचलून बघा, हलकी लागली तर टबात पाणी घेऊन कुंडी त्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीला. आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या गच्चीच्या स्लॅबवर सुट्या सुट्या ठेवू नका, भिंतीच्या सावलीला एकमेकींना चिकटून ठेवा, बाहेरून पोतं गुंडाळा. कुंडीची बाजू तापली की आतली मुळं भाजतात.

पाइपानं पाणी देत असाल तर पहिलं पाणी हातावर घ्या. उन्हात पडलेल्या पाइपातलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं, ते आधी बादलीत काढा, गार झालं की वापरा. वेळ पहाटेची सगळ्यात चांगली, नाही जमलं तर सूर्य बुडाल्यावर.

चौथं: पाणी मुळाला देताय का खोडाला

फळझाडाच्या बुडाशी ताटलीएवढं आळं आणि त्यात भडाभडा पाणी, हे चित्र घरोघर. खोडाला पाणी प्यायला तोंड नसतं. पाणी ओढणारी बारीक मुळं असतात फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेला. दुपारी बाराला झाडाची सावली जिथं संपते तिथं बघा, मेच्या मध्याला तर आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्यामुळं सावली अगदी पसाऱ्याएवढीच पडते, त्या कडेवर काठीनं गोल आखा. तिथं वीतभर रुंद चर, आणि खोडाला मातीची भर लावून उंच करा म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही. याला दुहेरी आळं म्हणतात. लिंबोणीला, मोसंबीला हे कराच, खोड सारखं ओलं राहिलं की डिंक्या लागतो, सालीतून डिंक गळतो आणि उन्हाळ्यात वाचवलेलं झाड पावसाळ्यात जातं.

किती पाणी? हिशेब सोपा आहे, एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. म्हणजे दोन मीटर बाय दोन मीटरच्या पसाऱ्याला एक बादली टाकली तर चार-पाच मिलिमीटरचा शिडकावा झाला, तेवढं तर मेमधलं ऊन दुपारपर्यंत उडवून नेतं. म्हणून रोज एक बादली देण्यापेक्षा पाच दिवसांनी पाच बादल्या एकदम द्या, त्या खाली जातील, मुळंही खाली जातील. भाजीला हे चालत नाही, भाजीची मुळं वर असतात, तिला दिवसाआड थोडं लागतंच. पण फळझाडाला रोजचं थोडं थोडं पाणी म्हणजे त्याची मुळं वर बोलावून उन्हात भाजणं.

आणि एक, वेळ ठरलेली ठेवा. आठ दिवस कोरडं आणि टँकर आला की तुडुंब, असं केलं की लिंबू तडकतं, डाळिंब तडकतं. टोमॅटोचं बूड काळं पडतं तेही याच्यामुळं, पाण्याबरोबर कॅल्शियम फळापर्यंत जातं, पाण्याचा खाडा पडला की ते पोचत नाही. लोक त्यावर औषध मारतात, तो रोग नाहीच. काकडी कडू होते तीही उन्हाचा आणि पाण्याचा ताण बसला म्हणून.

पाचवं: आच्छादन

यावर मी कितीही बोलेन. उघडी माती मला उन्हाळ्यात बघवत नाही. सोयाबीनचं भुसकट, तुरीचं भुसकट, उसाचं पाचट, गव्हाचं काड, झाडाखालचा पाला, काही चालतं. आधी माती पोटभर भिजवायची आणि मग चार बोटं जाड थर, कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर कोरडेपणच झाकला जातो. थर खोडाला चिकटवू नका, चार बोटं मोकळं सोडा. पाणी भुसकटावरून घालू नका, भुसकटच पिऊन टाकतं, बाजूला सारून चरात घाला आणि परत ओढा.

मी पाडव्याच्या आधी घालते. मेमध्ये दुपारी उघड्या वाफ्यावर हात टेकवत नाही आणि भुसकट सारून बघितलं तर खाली गारवा आणि गांडुळं असतात, हे एकदा स्वतःच्या हातानं बघा, पुढच्या वर्षी कुणी सांगावं लागत नाही. एक जपायचं, वाळवी. कोरड्या भुसकटाला वाळवी लागते, आठवड्याला एकदा थर उचकटून बघा, खोडावर मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या मोडा आणि तिथलं आच्छादन लांब करा.

माठाचंही इथंच सांगते. अक्षयतृतीयेला नवा माठ येतो तेव्हा जुना फेकू नका, झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवायचा, तोंडावर झाकण, पाणी झिरपत राहतं. पण आधी तपासा. बोअरच्या पाण्यानं जुन्या माठाची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात, म्हणून तर तो पाणी गार करत नाही, आणि असा माठ पुरला तर पाणी आतच राहतं. भरून सावलीत ठेवा, चार-पाच तासांत बाहेरून ओलसर झाला तर वापरा. रंगवलेला माठ चालत नाही.

सहावं: सावली

भाजीच्या वाफ्यावर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट, नसेल तर जुन्या सुती साड्या. पश्चिमेकडून आधी, दुपारी दोन ते पाचचं ऊन सगळ्यात वाईट. वाफ्याला चिकटून बांधू नका, पुरुषभर उंच बांधा, खालून वारं खेळायला पाहिजे.

टोमॅटोच्या फुलांबद्दल स्पष्ट सांगते. दिवसा पस्तीसच्या वर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचा पराग काम करत नाही, फूल गळतं. पाणी, खत, टॉनिक, कशानंही ते फळ धरणार नाही. दुकानदार बाटली देईल, घेऊ नका. मेमध्ये खायला गवार, भेंडी, चवळी, दोडका, तांदुळजा लावा, मेथी-कोथिंबीर उन्हात लगेच फुलावर येते, तिच्यावर टँकरचं पाणी घालवू नका.

पांढरे ठिपके आणि जाळं असेल तर पांढऱ्या कागदावर पान झटका. बारीक लालसर कण चालायला लागले तर ते कोळी आहेत, कोरड्या उष्ण हवेत त्यांचं फावतं. पानाच्या मागच्या बाजूनं सकाळी पाण्याचा जोराचा फवारा तीन-चार दिवस, बऱ्याचदा तेवढ्यात आटोक्यात येतात. नाही आले तर पाच टक्के निंबोळी अर्क, उन्ह उतरल्यावरच, आणि तहानलेल्या झाडावर नाही, आधी पाणी द्या.

सातवं: ठिबक असेल तर बाटली लावा

ठिबक बसवलं म्हणून पाणी पडतंय असं धरून चालू नका. ताशी चार लिटरचा ड्रिपर असेल तर पंधरा मिनिटांत एक लिटरची बाटली भरायला पाहिजे. ओळीतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली बाटल्या ठेवा. शेवटची अर्धीच भरली तर आधी फिल्टरची जाळी धुवा, मग लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळीच्या, शेवटची टोपी काढून गढूळ पाणी जाऊ द्या. तरी नाही तर ड्रिपर उघडून बघा, आपल्या जड पाण्यानं आत पांढरा थर धरतो, काढता येणारे ड्रिपर लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर टाकले तर निघतो. ॲसिडनं लाइन साफ करायची असेल तर ते घरी करू नका, ठिबकवाल्या मिस्त्रीला बोलवा.

आठवं: पाणीच खारं आहे का

मातीवर, कुंडीच्या काठावर, पाइपाच्या तोंडावर पांढरी पापडी दिसते का बघा. पानांच्या कडा करपल्या असतील आणि वीतभर खाली ओल बरोबर असेल तर संशय इथंच घ्या. बोअरची पातळी उतरत गेली की खालचं पाणी बहुतेक जास्त जड येतं, म्हणजे फेब्रुवारीत चाललेलं पाणी मेमध्ये चालेलच असं नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं साधं टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतं, गल्लीत एक असलं तरी पुरे. लिटरला ४५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर काळजी नाही, ४५० ते २००० च्या मध्ये जपून, २००० च्या वर गेलं तर भाजी-फळांना एकटं घालू नका, टँकरच्या गोड्या पाण्यात मिसळून घाला. लिंबोणी आणि शेंगभाज्या क्षाराला सगळ्यात आधी बळी पडतात. खारं पाणी रोज थोडं थोडं घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच साठतो, म्हणून इथंही उशिरा पण खोलवर पाणी द्यायचं. पहिला हलका वळीव झाला की वरचा क्षार विरघळून मुळाशी उतरतो आणि झाड पावसानंतरच जास्त करपलेलं दिसतं, तेव्हा घाबरू नका, एकदा भरपूर गोडं पाणी द्या.

आरओचं वेस्ट पाणी झाडाला घालता का? ते मूळ पाण्यापेक्षा खारं असतं, फरशी पुसायला ठेवा. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त घाला. आंघोळीचं साबणाचं पाणी फळझाडाच्या बाहेरच्या चरात, एकाआड एक वेळा साध्या पाण्याबरोबर, पालेभाजीला कधीच नाही. कपड्याच्या पावडरचं पाणी कुणालाच नाही, त्यातला सोडा काळ्या मातीला अजून घट्ट करतो.

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोह न मिळण्याचं लक्षण. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही, त्यामुळं बुडाशी हिराकस टाकून उपयोग होत नाही. लिटरला पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पानांवर संध्याकाळी फवारा, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

नववं, आणि अवघड: कुणाला वाचवायचं ते ठरवा

सगळं तपासलं, सगळं बरोबर आहे, आणि पाणी खरंच नाही. २०१६ चा उन्हाळा आठवतो, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, एप्रिलात. घरात प्यायचं पाणी मोजून, तिथं बागेचं काय बोलणार. त्या वर्षी मी भाजी सगळी उपटून टाकली, रडू आलं पण टाकली. भाजी दोन महिन्यांत परत येते, झाडाला पाच-सात वर्षं लागतात. आंबा जुना होता, मुळं खोल, त्याला सोडलं, त्यानं कैऱ्या गाळल्या पण तो जगला. लिंबोणीची मुळं वर असतात, म्हणून घरातलं वापरून उरलेलं सगळं पाणी तिला. तिची सगळी लिंबं, अगदी गोटीएवढी पण, तोडून टाकली, फळ असेपर्यंत झाड स्वतःचं पाणी त्याला पाजतं. पेरूच्या तिसरा हिस्सा फांद्या हलक्या केल्या, आणि उघडं पडलेलं खोड चुना लावून पांढरं केलं, नाहीतर साल उन्हानं फाटते. पपई गेली. सगळं वाचवायला गेले असते तर सगळंच गेलं असतं.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

मोटार: नळातून पाणी फुस्कारे मारत यायला लागलं, मधेच हवा, मधेच गढूळ, तर मोटार लगेच बंद करा. कोरडी चाललेली सबमर्सिबल जळते. स्टार्टर उघडून बघणं, ट्रिप झालेलं परत परत दाबणं, ओल्या हातानं पेटीला हात लावणं, यातलं काहीही करू नका, मोटार मेकॅनिकला बोलवा. मोटार किती उतरवायची ते तोच मोजून सांगेल.

विहीर किंवा जमिनीखालची टाकी साफ करायला घरच्या घरी उतरू नका. बंद जागेत हवा विषारी झालेली असते, उतरलेला माणूस आवाज न देता पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो.

नवा बोअर: नुसत्या नारळावर आणि कुणाच्या सांगण्यावर पैसे घालू नका. आपल्याखाली बेसाल्टचा काळा पाषाण आहे, पाणी दगडात नसतं, त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात असतं, शेजाऱ्याला लागलं म्हणून आपल्याला लागेल असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं, आधी तिथं विचारा.

झाड: खोडातून डिंक वाहतोय, फांद्या शेंड्याकडून खाली एकेक वाळत येतायत, किंवा उपटलेल्या भाजीच्या मुळांना गाठी आहेत, तर वरचे उपाय थांबवा. गाठी म्हणजे सूत्रकृमी, मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी, ते पाण्यानं बरं होत नाही. वाळकी फांदी, थोडी मुळं आणि वीतभर खालची माती वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारा. माती-पाणी तपासून मिळतं. फोनवरच विचारायचं तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात, फुकट आहे. दुकानातनं तीन औषधं एकत्र करून मारू नका, तहानलेलं झाड तेवढ्यानंही जातं, आणि ती भाजी आपल्याच पोरांच्या ताटात येते.

वळवाचे ढग दिसले की गच्चीच्या पन्हाळीखाली जेवढे ड्रम असतील तेवढे लावा, शंभर चौरस मीटर गच्चीवर वीस मिलिमीटर पडला तर दोन हजार लिटर होतात आणि ते पाणी बिनक्षाराचं असतं, पहिला घाणेरडा लोट तेवढा जाऊ द्या. आणि वाळलेलं दिसतंय म्हणून मेमध्येच झाडाला कुऱ्हाड लावू नका. मृग लागून पंधरा-वीस दिवस जाऊ द्या. त्या लिंबोणीची एक पूर्ण बाजू वाळली होती, नखानं खरवडलं तर बुडाशी मात्र हिरवं, आत्यांनी तोडू दिलं नाही, आणि जूनच्या शेवटी कलमाच्या सांध्याच्या वर, खालून नाही, वर, दोन फुटवे निघाले. सांध्याच्या खालून निघाले असते तर ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचे, ते काढून टाकायचे. वरचे ठेवायचे. ते ठेवले, आणि यंदा त्याच फांद्यांची लिंबं आम्ही खायलोय.